जुन्या जाहिरातींची नवी टाकसाळ



या व्यासपीठावर उभे राहण्याचा अधिकार मला कोणत्याही पदवीने दिलेला नाही. माझे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत, वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. माझे वडील मुंबईत गिरणीत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो. त्या दिवसांत आमच्या खोलीत पुस्तके नव्हती, पण पत्रके पुष्कळ होती. वडील ती घेऊन येत आणि मला मोठ्याने वाचायला सांगत. मी खरा वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवर. पुढे तीस वर्षे मी स्वतःच पत्रके लिहीत आलो आहे. म्हणून चालकांनी जेव्हा 'कोणत्या विषयावर बोलाल?' असे विचारले, तेव्हा मी म्हणालो, 'मला एकाच गोष्टीतले थोडेफार कळते. छापलेल्या चार ओळींनी माणसाचे मन कसे हलवता येते, एवढेच.' जाहिरात ही आमच्या पत्रकाचीच बहीण आहे. फरक इतकाच की ती श्रीमंत घरी पडली.

आज मला बोलायचे आहे ते मात्र एका विशेष प्रकारच्या जाहिरातीविषयी. आपणा सर्वांच्या मोबाइलवर ती येत असते. पिवळट पडलेला कागद, एखादा कोपरा फाटलेला, मधोमध हसरी बाई, तिच्या हातात साबणाची वडी, नाही तर धुण्याच्या भुकटीचा पुडा, आणि खाली साल : १९३५ किंवा १९४८. मजकूर असा की वाचताच हसू यावे, नाही तर संताप यावा. त्यावर पाठवणाऱ्याची एक ओळ असते, 'बघा, पूर्वी लोकांना काय काय विकत होते!' आपण हसतो, मान हलवतो आणि ते चित्र आणखी दहा जणांना पाठवतो. यांतील काही चित्रे खरी असतात. पुष्कळ चित्रे अगदी अलीकडे कोणीतरी घरी बसून बनवलेली असतात. नव्या कागदाला जुना रंग देऊन ती चलनात सोडलेली असतात.

तुम्ही म्हणाल, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? गंमत आहे, गंमत म्हणून सोडून द्यावी. मीही असेच म्हणत होतो. माझे मत कसे बदलले ते आधी सांगतो, कारण त्यात चूक माझी आहे, आणि स्वतःच्या चुकीपासून सुरुवात केली म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाते.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या भागातील एका कारखान्यात फरशी आणि संडास धुण्याचे द्रावण बाटल्यांत भरण्याचे काम चाले. भरण्याच्या कामावर ठेकेदाराकडील स्त्रिया होत्या. त्यांना महिन्याला हातमोज्यांचा एक जोड मिळे, आणि तो आठवड्यात फाटे. मग तीन आठवडे उघड्या हातांनी काम. बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली, नखे काळवंडलेली. मीठ-तिखटाला हात लावला तर डोळ्यांत पाणी येई, म्हणून कित्येकींनी घरचा स्वयंपाक मुलींवर सोपवलेला. आमच्या मागण्या साध्या होत्या. दर आठवड्याला नवा जोड द्यावा, कामाच्या जागेजवळ पाण्याचा नळ द्यावा, औषधपाण्याचा खर्च द्यावा.

पत्रक लिहायला बसलो असताना मोबाइलवर एक चित्र आले. १९३८ सालची म्हणून एक मराठी जाहिरात. बादलीत हात घातलेली एक गृहिणी, चेहऱ्यावर हसू, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले : 'हात जळले तरी चालतील, फरशी चमकली पाहिजे!' मला तर घबाडच सापडल्यासारखे झाले. मी ते चित्र पत्रकाच्या डोक्यावर छापले आणि खाली लिहिले, 'ऐंशी वर्षांपूर्वीही मालकांची हीच वृत्ती होती.' दोन हजार प्रती काढल्या. फाटकावर त्या हातोहात गेल्या. माझ्या तीस वर्षांच्या लिखाणात एवढे गाजलेले पत्रक दुसरे नसेल.

पंधरा दिवसांनी सरकारी कामगार अधिकाऱ्यांपुढे बैठक झाली. कारखान्याच्या बाजूने एक तरुण अधिकारी आले होते, बोलायला अगदी मृदू. त्यांनी आमचे पत्रक टेबलावर ठेवले, त्यातील जाहिरातीच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले आणि विचारले, 'साहेब, या दुकानाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे. आपल्या देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. या दुकानदाराला तो चौतीस वर्षे आधी कसा कळला?'

सगळे हसले. सरकारी अधिकारी हसले, आणि खोटे कशाला बोलू, आमच्यातीलही एक-दोघे हसले. मग त्या तरुणाने पुढचे वाक्य टाकले. हातांचे जे फोटो आम्ही जोडले होते त्यांच्याकडे पाहून तो म्हणाला, 'हेही असेच कुठूनतरी आले असतील.'

त्या दिवशी हातांचा विषय पुन्हा निघालाच नाही. उरलेला सगळा वेळ मी त्या चित्राचा खुलासा करीत होतो. बैठक संपल्यावर जिना उतरताना आमच्यातल्या एक वयस्क बाई माझ्याजवळ आल्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. त्या रागावल्या नव्हत्या, तेच मला जास्त लागले. त्या म्हणाल्या, 'भाऊ, आमचे हात तर खरे होते ना? मग चित्र कशाला लागलं?'

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जे वाचले आणि पाहिले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

अशा चित्रांचा उगम पाहू गेल्यास बहुतेकदा तो अमेरिकेत सापडतो. जुन्या रंगीत मासिकांचा तेथे सुकाळ, आणि त्यांची नक्कल करण्याची हौसही तेथे दांडगी. एक प्रसिद्ध उदाहरण घ्या. गुटगुटीत तान्हे मूल, आणि मजकूर असा की बाळाला जितक्या लवकर कोला पाजाल तितके ते पुढे समाजात चांगले वावरेल, प्रयोगशाळांनी हे सिद्ध केले आहे. जाहिरात देणाऱ्या संस्थेचे नाव 'सोडा पॉप बोर्ड ऑफ अमेरिका'. हे चित्र जगभर फिरले आहे, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे लोक किती अडाणी होते याचा दाखला म्हणून ते पुढे केले जाते. वस्तुतः अशी संस्था कधीच नव्हती. ते चित्र २००२ साली थट्टा म्हणून तयार करण्यात आले. करणाऱ्यांनी ते लपवलेही नाही. पण चित्र पुढे गेले आणि त्यांचा खुलासा मागे राहिला. खुलाशाचे पाय नेहमीच आखूड असतात.

आता याच्या शेजारी दुसरी जाहिरात ठेवा. ही सेव्हन-अप या पेयाची, १९५० नंतरच्या दशकातील, आणि ही अस्सल आहे. तीतही तान्हे मूलच आहे, अकरा महिन्यांचे, तोंडाला बाटली लावलेले. हे आमचे सर्वांत लहान गिऱ्हाईक नव्हे, याहूनही लहान आहेत, असे ती अभिमानाने सांगते. एवढेच नव्हे, तर मूल दूध पीत नसेल तर दुधात सेव्हन-अप घालून पाहा, असा सल्लाही देते. म्हणजे थट्टा करणाऱ्यांनी अगदीच आकाशातून काही आणले नव्हते. खोटे नाणे खऱ्या नाण्याच्या छापावरच पाडावे लागते, नाही तर ते बाजारात चालत नाही.

पण या दोन जाहिरातींच्या भाषेत एक फरक आहे, आणि आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती हीच न्यावी. बनावट जाहिरात कबुली देते. खरी जाहिरात कधीही कबुली देत नाही. बनावट जाहिरातीतला व्यापारी स्वतःच्याच तोंडाने सांगतो की बायकोला आम्ही मोलकरीण समजतो, हात जळले तरी आमची हरकत नाही. कोणता व्यापारी असे बोलेल? ज्याला माल खपवायचा आहे तो गिऱ्हाइकाला दुखवीत नाही. तो गोड बोलतो, काळजी दाखवतो, डॉक्टरांचे नाव घेतो, देवाचे नाव घेतो. माझ्या पत्रकावरचे ते वाक्य वाचताच मला संशय यायला हवा होता. तो आला नाही, कारण ते वाक्य मला हवे होते. मालकाने जे कबूल करावे असे मला वाटत होते, तेच त्या चित्राने माझ्यासाठी कबूल करून ठेवले होते. मी आयत्या कबुलीजबाबाला भुललो.

ही मोठी खूण झाली. लहान खुणाही आहेत, आणि आपल्याकडच्या जाहिरातींपुरत्या त्या कोणालाही वापरता येतील. पिनकोडाची खूण मी भर बैठकीत शिकलो. किंमत 'नये पैसे' यांत असेल तर जाहिरात १ एप्रिल १९५७ पूर्वीची असू शकत नाही, कारण त्याआधी आणे आणि पै होते. वजन ग्रॅम-किलोत असेल तर सावध व्हावे. मेट्रिक वजने आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तोवर शेर, तोळे, पौंड, औंस चालत. रुपयाचे हल्लीचे चिन्ह तर २०१० सालचे आहे. आणि आपल्या मराठीने स्वतःच एक सुंदर पहारेकरी बसवून ठेवला आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मराठीत 'साबणानें', 'घरीं', 'नाहीं', 'आमचें' असे लिहिलेले सर्रास आढळते. १९३८ सालच्या म्हणून दाखवलेल्या जाहिरातीत असा एकही अनुस्वार नसेल, तर त्या कागदाचे वय पुन्हा तपासावे. माझ्या त्या चित्रात एकही नव्हता. वाचनालयात जुने अंक चाळण्यात माझी इतकी वर्षे गेली, आणि तरी हे माझ्या डोळ्यांना दिसले नाही.

हा धंदा केवळ मोबाइलपुरता नाही. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, जुन्या जाहिरातींच्या लोखंडी पाट्या विकायला असतात. साबणाच्या, चहाच्या, बिस्किटांच्या. त्यांत काही अस्सल, काही कालपरवा केलेल्या. अस्सल पाटीवर लोखंडावर काचेचा थर भाजून चढवलेला असतो. रंगांवरून बोट फिरवले तर उंचवटे लागतात. जेथे आघात झाला असेल तेथे काचेचा टवका उडतो आणि तेवढ्याच जागी गंज धरतो. बनावट पाटीवर साधा रंग असतो आणि गंज सगळीकडे सारखा असतो. काळ असा सारखा काम करीत नाही. पण पाटी निदान हातात घेऊन पाहता येते. मोबाइलवरच्या चित्राला ना काठ, ना पाठ. शिवाय आता सांगाल तसे चित्र काढून देणारी यंत्रे निघाली आहेत. पूर्वी बनावट करणाऱ्याला थोडी चित्रकला तरी यावी लागे, आता तीही लागत नाही. आणि मी ज्या खुणा सांगितल्या त्या तो उद्या शिकेल, अनुस्वारही घालील. म्हणून शेवटचा प्रश्न एकच उरतो. ही जाहिरात कोणत्या पत्रात, कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर छापली होती? 'किर्लोस्कर', 'स्त्री' यांचे आणि वर्तमानपत्रांचे जुने अंक वाचनालयांत आहेत. ज्या चित्राला जन्मगाव नाही, त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

आता थोडे आपल्या मनाकडे पाहू. ही खोटी चित्रे आपल्याला एवढी का आवडतात? माझ्या मते, ती आपली खुशामत करतात म्हणून. ती म्हणतात, तुमचे आजी-आजोबा भोळे होते, त्यांना कोणी काहीही विकावे. तुम्ही मात्र शहाणे आहात. बंधूंनो, माझी आजी भोळी नव्हती. ती भांडी राखेने घाशी, केस शिकेकाईने धुई, लुगडे रिठ्यात भिजवी, आणि साबणाची वडी घेताना दुकानदाराशी पैशापैशासाठी भांडे. तिला फसवायचे तर फार हुशारीने फसवावे लागे. जुन्या काळच्या जाहिरातदारांनी ती हुशारी केली, आणि ती पाहायची असेल तर खऱ्या जाहिरातीच पाहायला हव्यात.

एक उदाहरण आपल्या घरातलेच देतो. वुडवर्ड्स ग्राइप वॉटर. विल्यम वुडवर्ड नावाच्या इंग्रज औषधविक्याने १८५१ साली ते काढले. त्याचे १९२८ सालचे एक कॅलेंडर प्रसिद्ध आहे. त्यावर बाळकृष्णाचे चित्र आहे, आणि ते आपल्या महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कुंचल्याचे. त्यात हसण्यासारखे किंवा संतापण्यासारखे काही नाही. उलट ते इतके गोजिरे की लोकांनी फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावावे. या ग्राइप वॉटरच्या मूळ कृतीत शेपेचे तेल होते, सोडा होता, साखर होती, आणि मद्यार्कही होता, शेकडा साडेतीनच्या आसपास. इंग्लंडात तो १९९० नंतर काढण्यात आला. रडणारे बाळ शांत का होते, याचे एक उत्तर त्या बाटलीत होते. आता विचार करा, ज्या घरात दारूचा थेंब शिवत नव्हता त्या घरात बाळकृष्णाच्या हाताने मद्यार्क आला. पण ही जाहिरात कोणी मोबाइलवर 'बघा, बघा' म्हणून पाठवीत नाही. कारण तिच्यावर काही लिहिलेलेच नाही. जे लिहायला हवे होते तेच तिने लिहिले नाही.

म्हणून मी म्हणतो, जाहिरात वाचायची ती तिच्यातील मजकुरासाठी नव्हे, तर तिच्यात नसलेल्या मजकुरासाठी. आणि कामगार चळवळीतला माणूस म्हणून मी आणखी एक पाऊल पुढे जातो. घरगुती वस्तूच्या जाहिरातीत कोण नसते? गृहिणी असते, बाळ असते, डॉक्टर असतो. ती वस्तू बनवणारे हात नसतात.

अमेरिकेतीलच एक अस्सल जाहिरात सांगतो. १९२१ च्या सुमाराची, 'अनडार्क' नावाच्या रंगाची. अंधारात चमकणारा रंग. घड्याळाच्या तबकड्यांवर तो लावीत, पण घरगुती वापरासाठीही तो विकत असत. घराच्या नंबरावर लावा, दिव्याच्या बटणांवर लावा, मुलांच्या बाहुल्यांच्या डोळ्यांना लावा. तो चमके, कारण त्यात रेडियम होते, आणि रेडियम आहे हे जाहिरात लपवीत नव्हती. ते तर तिचे भूषण होते. भाषा सभ्य, चित्र शांत. या जाहिरातीत हसण्यासारखे काहीही नाही.

हा रंग बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी होता. तेथे तरुण मुली घड्याळाच्या तबकड्यांवर बारीक आकडे रंगवीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरून ओला करावा, असे त्यांना शिकवले होते. रंग निरुपद्रवी आहे असेही सांगितले होते. कंपनीचे रसायनज्ञ मात्र तेच रेडियम हाताळताना शिशाचे पडदे आणि चिमटे वापरीत. काही वर्षांत मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजू लागली. अमेलिया मॅगिया नावाची कामगार १९२२ साली वारली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले ते गुप्तरोगाचे. मेलेल्या मुलीच्या अब्रूवर शिंतोडे उडाले आणि रंगाचे नाव स्वच्छ राहिले.

ग्रेस फ्रायर या कामगार स्त्रीने दावा लावायचे ठरवले, तर वकील मिळण्यात दोन वर्षे गेली. शेवटी १९२७ साली तिने आणि चौघी मैत्रिणींनी दावा दाखल केला. त्याच वर्षी अमेलियाचे प्रेत उकरून तपासण्यात आले, आणि तिच्या हाडांत किरणोत्सर्ग आढळला. गुप्तरोगाची खूण कोठेही नव्हती. १९२८ साली तडजोड झाली. प्रत्येकीला दहा हजार डॉलर रोख, सालीना सहाशे डॉलर आणि उपचारांचा खर्च. एव्हाना त्यांतील कोणाचीही प्रकृती सुधारण्यासारखी राहिली नव्हती. पण कामामुळे होणाऱ्या रोगाची भरपाई मालकाकडून मागता येते, ही वाट त्या पाचजणींनी रुंद केली. त्या वाटेवरून आपण आजही चालतो.

आता लक्षात घ्या, या मुलींना न्याय कशाने मिळाला? 'मुली मेल्या तरी चालतील, घड्याळ चमकले पाहिजे' अशी एखादी जाहिरात सापडली म्हणून नव्हे. तशी जाहिरात कोणी छापलीच नव्हती, आणि छापणारही नव्हते. साक्ष दिली ती हाडांनी. समजा त्या वेळी कोणा उत्साही मित्राने अशी बनावट जाहिरात तयार करून न्यायालयात ठेवली असती, तर कंपनीचा वकील काय म्हणाला असता? माझ्या बैठकीतला तो तरुण जे म्हणाला, तेच.

येथे माझे काही सहकारी माझ्याशी वाद घालतात. ते म्हणतात, 'हेतू चांगला असला म्हणजे झाले. मालकांची वृत्ती तशी आहे हे खरेच ना? मग चित्र खोटे का असेना!' हा युक्तिवाद वाटतो तेवढा पोकळ नाही. चित्र लोकांच्या मनाला भिडते, नोंदवही भिडत नाही, हे मीही जाणतो. व्यंगचित्र काढा, वग लिहा, पथनाट्य करा. तेथे सोंग हे सोंग म्हणूनच उभे असते आणि कोणी फसत नाही. पण सोंगाला पुराव्याचा वेष चढवला की दोन अनर्थ होतात. पहिला असा की ते उघडकीस आले म्हणजे खऱ्या पुराव्यालाही डाग लागतो. लबाडाला आपली बाजू सिद्ध करावी लागत नाही, 'सगळेच खोटे असते' एवढे म्हटले की त्याचे भागते. दुसरा अनर्थ याहून खोल आहे. खोट्या जाहिरातीतला राक्षस पाहून पाहून आपल्याला वाटू लागते की अन्याय असाच दिसतो, शिंगे असलेला आणि दात विचकणारा. मग सभ्य भाषेतला, सुंदर चित्रातला, आजच्या तारखेचा अन्याय समोर आला तर आपण त्याला ओळखतच नाही.

आणि संशयाची सवय लागली की खऱ्यावरही तो बसतो. मी एकदा आमच्या कार्यालयात सांगितले की रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेज साबणाची शिफारस केली होती, आणि आपल्या लीला चिटणीस १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या होत्या, तसे येणाऱ्या पहिल्या भारतीय नटी त्याच. तर तरुण मुले म्हणाली, 'हेही बनावटच असेल.' दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परदेशी साबणाशी देशी साबणाने झुंज दिली, तिचा केवढा इतिहास त्या छोट्या जाहिरातींत आहे! खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला की लोक खरे नाणेही दगडावर आपटून पाहू लागतात, आणि काही जण तर घ्यायलाच नकार देतात.

शेवटी, त्या कारखान्याचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. त्या बैठकीनंतर आम्ही नव्याने कामाला लागलो. प्रत्येकीला सरकारी दवाखान्यात नेले आणि केसपेपर जमवले. मोजे किती आले, किती वाटले याचा हिशेब आमच्या बायकांनी एका वहीत तारीखवार ठेवला. लिहिता येणाऱ्या दोघीच होत्या, त्यांनी सर्वांच्या वतीने लिहिला. आणि एके दिवशी मावशींनी विचारले, 'भाऊ, त्या पिंपावर चिकटवलेलं काय आहे ते वाचलंत का?'

मी वाचलेले नव्हते. ज्या पिंपांतून ते द्रावण येई त्यांवर, पाठवणाऱ्यानेच लावलेले, इंग्रजीतले एक लेबल होते. बारीक अक्षरांत लिहिले होते की त्वचेला लागल्यास भाजण्याचा धोका आहे, हातमोज्यांवाचून हाताळू नये. मी ऐंशी वर्षांपूर्वीचा खोटा कबुलीजबाब शोधून आणला होता, आणि खरा कागद रोज त्या बायकांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, आणि ज्याला वाचता येत होते त्याने पाहिले नव्हते. पुढच्या बैठकीत आम्ही चित्र ठेवले नाही. लेबलाचा फोटो, वही आणि केसपेपर ठेवले. पिनकोडाबद्दल कोणी काही विचारले नाही. सात महिन्यांनी आठवड्याला एक जोड आणि पाण्याचा नळ मिळाला. औषधांच्या खर्चाचे भांडण अजून पुरते मिटलेले नाही, तेही प्रामाणिकपणे सांगतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी असे चित्र आले की पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा आणि विचारा, हे कोठे छापले होते, आणि यातला व्यापारी आपणहून गुन्हा कबूल का करतो आहे? मग मोबाइल खाली ठेवा, घरातली एखादी बाटली हातात घ्या, फरशी पुसण्याची, भांडी घासण्याची, कोणतीही. तिच्या पुढच्या बाजूचे चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. ती ज्यांनी भरली असेल त्यांची आठवण करा. आणि तुमच्या घरी भांडी घासायला कोणी येत असेल, तर एकदा त्यांचे हात पाहा.

मावशींच्या प्रश्नाला मला हे एवढेच उत्तर सापडले आहे. हात खरे असतील तर चित्र लागत नाही.